बांधलेल्या इंजिनातला खुळखुळाट

जुलैमधल्या एका संध्याकाळी किंग्ज सर्कलजवळ, गांधी मार्केटसमोरच्या तुंबलेल्या पाण्यात आमच्या गाडीने हवेबरोबर पाणीही ओढून घेतले आणि जागीच मान टाकली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; त्यामुळे वर येणाऱ्या पिस्टनला जागा मिळाली नाही आणि दोन नंबरच्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकला. ऑगस्टमध्ये इंजिन उतरवून पूर्ण बांधून घेतले. रॉड, रिंगा आणि बेअरिंगे नवी घातली, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, टर्नरकडे पाठवून फेस करून, म्हणजे तळ सपाट करून आणले, व्हॉल्व्ह घासून बसवले. गाडी १.२ लीटरची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे. तिच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता.

गाडी घरी आली त्या दिवशी सगळे ठीक वाटले. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये ती सुरू केली, तेव्हा बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला आणि दहा-बारा सेकंदांनी थांबला. उघड्या रस्त्यावर हा आवाज मला कदाचित आणखी महिनाभर कळला नसता. तीन बाजूंच्या भिंतींनी तो पकडून माझ्या कानावर परत फेकला. मी गॅरेजला फोन केला. मिस्त्री म्हणाले, "ताई, नवीन बांधलेलं इंजिन आहे. हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, आवाज बसेल." नव्या रिंगा बसायला वेळ लागतो हे खरेच आहे, पण रिंगा बसताना खुळखुळत नाहीत. बसण्याची क्रिया आवाजाने कळत नाही, तेलाच्या खपाने आणि कॉम्प्रेशनने कळते, एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी वाट पाहायचे नाही असे ठरवले.

आमच्या शेजारचे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना आवाज ऐकवला, तर त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. "अगं, आवाज कुठून येतो ते नंतर बघू," ते म्हणाले. "आधी तो कधी येतो, कधी जातो, ते आठवडाभर लिहून काढ. आणि नुसतं 'आवाज येतो' असं लिहू नकोस. टकटक, खडखड, घरघर, किरकिर, खुळखुळ, यातला नेमका कुठला ते लिही." हा सल्ला पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला. मराठीत आवाजाला इतके नेमके शब्द आहेत की, त्यांचा नीट वापर केला तर अर्धे निदान तिथेच होते. व्हॉल्व्ह दाबणारा टॅपेट सैल असला तर टकटक करतो, खराब झालेले रॉडचे बेअरिंग खालून ठोके मारते, अल्टरनेटरचे किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग घरघरते, पट्टा किरकिरतो. सैल चेन खुळखुळते, आणि ती प्लॅस्टिकच्या गाईडवर आपटत असेल तर त्या खुळखुळीत थोडा खडखडाट मिसळतो.

आठवड्याची नोंद अशी झाली. सकाळी थंड इंजिनावर दहा ते बारा सेकंद खुळखुळ, मग शांत. वीस-पंचवीस मिनिटे चालवून सायनच्या सिग्नलला उभे राहिले की, गरम इंजिनावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना मिनिटाला ७५० फेऱ्यांवर, पुन्हा बारीक खुळखुळ. ॲक्सिलरेटर किंचित दाबून फेऱ्या १,५०० च्या वर नेल्या की आवाज नाहीसा. पाय एकदम काढला की फेऱ्या उतरताना क्षणभर पुन्हा. गिअर, क्लच किंवा एसी यांच्याशी काहीच संबंध नाही.

या नोंदीचा अर्थ लावायचा तर टायमिंग चेन आत कशी चालते ते डोळ्यांसमोर आणावे लागते. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा आणि कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट एक फेरी घेतो आणि त्या दोघांना बांधून ठेवते ती चेन. क्रँक ज्या बाजूने चेन ओढतो ती बाजू ताणलेली असते आणि तिला स्थिर गाईडचा आधार असतो. दुसरी बाजू स्वभावतःच सैल असते आणि तिच्यावर टेन्शनरचा हात टेकलेला असतो. टेन्शनर म्हणजे एक लहानसा सिलिंडर, त्यात एक दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग आणि इंजिनाच्या तेलाचा दाब. तेल आत जाऊ देणारी पण परत येऊ न देणारी एक बारीक गोळी आत असते, आणि अनेक टेन्शनरमध्ये दट्ट्या फार मागे सरकू नये म्हणून रॅचेटच्या खाचाही असतात. कॅम फिरताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला कधी अडवतात, तर कधी पुढे ढकलतात. त्यामुळे चेनवरचा ताण एकसारखा न राहता धक्क्याधक्क्याने येतो आणि हे धक्के पचवण्याचे काम दट्ट्यामागचे तेल करते. ते तेल नसेल तर स्प्रिंग एकटी पुरी पडत नाही. रॅचेट चेनला दात सोडू देत नाही, पण एका खाचेपुरती ढील राहतेच, आणि तेवढ्या ढिलाईत चेन मनसोक्त खुळखुळते.

म्हणजे थंडपणी दहा सेकंद आवाज याचा अर्थ टेन्शनर भरायला वेळ लागतो. गरम आयडलला आवाज याचा अर्थ तेल पातळ झाल्यावर दट्ट्याच्या कडेने जेवढे गळते तेवढे मागून येत नाही. फेऱ्या वाढवल्यावर आवाज जातो, कारण पंपाचा दाब वाढतो. पाय काढल्यावरचा आवाजही यात बसतो, कारण फेऱ्या उतरताना क्षणभर ताणलेली बाजू सैल होते आणि सैल बाजूवर ताण येतो. कागदावर हे सगळे टेन्शनरकडे बोट दाखवत होते. पण या इंजिनात टेन्शनर टायमिंग कव्हरच्या आत आहे, आणि ते कव्हर काढायचे तर इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन ड्रायव्हरच्या बाजूचे माउंटिंग सोडावे लागते, क्रँकची पुली उतरवावी लागते आणि शेवटी सगळे पुन्हा सिलिकॉनने बंद करावे लागते. नुसत्या तर्कावर एवढा पसारा मांडायला मी तयार नव्हते, म्हणून आधी बाकीचे संशयित एकेक करून वगळायचे ठरवले.

पहिला मान पट्ट्याचा. बाहेरचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले; त्यापेक्षा जास्त नाही, कारण या गाडीत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. आवाज जसाच्या तसा राहिला, म्हणजे अल्टरनेटर, पंप आणि एसीची पुली सुटल्या. मग काकांनी घरातून जुन्या पडद्याची लाकडी दांडी मागवली. एक टोक इंजिनावर, दुसरे कानामागच्या हाडावर, आणि साडीचा पदर किंवा ओढणी फिरत्या भागांपासून दूर, हे त्यांनी मला तीनदा बजावले. मिस्त्री लोक याच कामाला लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात. टॅपेट कव्हरच्या मध्यावर साधी टिकटिक ऐकू येत होती, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर दांडी ठेवली की त्याची स्वच्छ टकटक येत होती, खाली ऑइल चेंबरला ठोका नव्हता. टायमिंग कव्हरवर मात्र, मधोमध मागच्या बाजूला, दांडीतून हाडात मुंग्या येतील इतकी खुळखुळ होती. त्यातही वर कॅमच्या उंचीवर ती कमी आणि टेन्शनर जिथे असावा तिथे सर्वाधिक होती.

रॉडचे बेअरिंग नवे असल्यामुळे मनात त्याचीच भीती अधिक होती. त्यासाठी एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काही सेकंद काढून पाहिला. रॉडचा ठोका असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद होताच तो दबतो किंवा बदलतो. चारही सिलिंडरांना आवाज तसाच राहिला. नुसती ठिणगी देणारी कॉइल काढली तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, म्हणून इंजेक्टरच बंद करावा.

मी एका प्रयोगशाळेत उपकरणांच्या देखभालीचे काम करते, त्यामुळे मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याचा आलेख पाहण्याचा मोह मला आवरला नाही. हिशोब सोपा आहे. ७५० फेऱ्यांना क्रँक सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो आणि कॅम सव्वासहा वेळा. एकच टॅपेट वाजत असेल तर दोन आवाजांत १६० मिलिसेकंदांचे अंतर दिसेल; क्रँकच्या प्रत्येक फेरीला वाजणारे काही असेल तर ८० चे. मला दिसले ते ४० चे. चार सिलिंडरांच्या इंजिनात कॅमच्या एका फेरीत ताणाचे चार धक्के येतात, त्यामुळे सैल चेन ४० मिलिसेकंदांनी आपटणे अगदी अपेक्षित आहे. मी विजयी मुद्रेने आलेख काकांना दाखवला. त्यांनी शांतपणे विचारले की चार इंजेक्टरही तेवढ्याच अंतराने टकटकत नाहीत का, आणि चार स्फोटही? बरोबर होते. म्हणजे आलेखाने एक टॅपेट आणि एक रॉड वगळला, पण चेनवर शिक्का मारला नाही. तो शिक्का दांडीने आणि वहीतल्या नोंदीने आधीच मारला होता. दोन दिवसांच्या आलेखांपेक्षा पडद्याच्या दांडीने जास्त सांगितले हे मला मान्य करावे लागले.

मध्येच एक आडवळण झाले. गॅरेजने लावलेला तेलाचा फिल्टर स्वस्तातला होता. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, जी इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल खाली चेंबरमध्ये उतरू देत नाही. ती नसेल किंवा कडक झाली असेल तर सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि तोवर वरचे सगळे कोरडे राहते. मूळ कंपनीचा फिल्टर आणि पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे तेल घातले, तर सकाळचा आवाज बारा सेकंदांवरून सहावर आला. मी खूश झाले आणि चार दिवस काहीच केले नाही. गरम आयडलची खुळखुळ मात्र तसूभरही कमी झाली नव्हती, आणि ती फिल्टरच्या झडपेने समजावता येत नव्हती.

मग तेलाचा दाब मोजला. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझला म्हणजे दाब चांगला आहे असे पुष्कळांना वाटते. त्या दिव्याचा स्विच अगदी कमी, साधारण चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या आतल्या दाबालाच दिवा विझवतो, त्यामुळे त्याचे विझणे हा फारसा पुरावा नाही. नागदेवी स्ट्रीटवरून एक साधे गेज, नळी आणि जोडणी आणली, स्विच काढून त्या जागी गेज बसवले आणि गाडी पूर्ण गरम करून पाहिले. आयडलला सव्वा किलो, ३,००० फेऱ्यांना साडेतीन किलो. दर हजार फेऱ्यांमागे पाऊण किलोच्या आसपास, या जुन्या गॅरेजी ठोकताळ्यात हे आरामात बसते. पंप, बेअरिंगे, मुख्य तेलवाहिनी सगळे निर्दोष.

सगळ्या तपासणीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच आकडा, आणि तो चांगला आला म्हणूनच महत्त्वाचा. दाब कमी आला असता तर दोष इंजिनात कुठेही असू शकला असता. मुख्य वाहिनीत दाब भरपूर आणि तरी टेन्शनर उपाशी, याचा अर्थ अडथळा त्या वाहिनीपासून टेन्शनरपर्यंतच्या दोन-चार इंचांत आहे, किंवा टेन्शनर स्वतःच खराब आहे. शोधायची जागा संपूर्ण इंजिनापासून तळहाताएवढी झाली.

एक शंका तरीही उरली होती. हेड फेस करताना टर्नरने आठ थाऊ, म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर धातू काढला होता. तेवढे हेड खाली आले की क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर कमी होते आणि चेनमध्ये दोन्ही बाजू मिळून साधारण ०.४ मिलिमीटर ढील वाढते. ही ढील धडधाकट टेन्शनर सहज खातो. टायमिंगवर परिणाम किती, तर समजा कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, ३६ दाते आणि चेनची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर, ८ मिलिमीटर असेल, तर कॅम क्रँकच्या हिशोबाने जेमतेम अर्धा अंश मागे पडतो. तुलनेसाठी, बसवताना चेन एक दाता चुकली तर तोच फरक २० अंशांचा होतो. मग गाडी आयडलला थरथरते, ओढत नाही, आणि स्कॅनरवर पी००१६ हा क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नसल्याचा कोड येतो. आमच्या स्कॅनमध्ये कोड नव्हता, म्हणजे दाते बरोबर होते. फेसिंग निर्दोष सुटले.

ही सगळी वही घेऊन मी त्याच मिस्त्रींकडे गेले. दुसरे गॅरेज शोधावे असे घरच्यांचे म्हणणे होते, पण ज्यांनी इंजिन बांधले त्यांनीच ते उघडावे असे मला वाटले. कुठे काय लावले ते त्यांच्याच हातांना आठवते. त्यांनी दाबाचे आकडे वाचले, वही मिटली आणि म्हणाले, "रविवारी आणा. पण चेनचा सेट आणून ठेवा, एकदा कव्हर उघडलं की जुनी चेन परत घालायची नाही." पहिल्या वेळी त्यांनीच जुनी चेन परत घातली होती, हे मी बोलले नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पूर्ण सेट स्वस्तात मिळत होता, पण डब्यावरचे अक्षर आणि आतल्या टेन्शनरची धार पाहून तो विश्वासाचा वाटला नाही; शेवटी कंपनीच्या अधिकृत दुकानातून चेन, दोन्ही गाईड आणि टेन्शनर मागवले. या भागात स्वस्ताई करू नये, कारण या प्रकारच्या इंजिनात चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.

रविवारी दुपारपर्यंत कव्हर निघाले. आतल्या भिंतीवर चेन घासल्याची खूण नव्हती. स्थिर गाईड गुळगुळीत, टेन्शनरच्या हातावर मात्र चेनच्या कड्यांचे दोन खोल चर पडलेले. दट्ट्या बोटाने दाबला तर स्पंजासारखा आत गेला. तेलाने भरलेला दट्ट्या असा जात नाही. टेन्शनरचे दोन बोल्ट सोडून तो उचलला आणि त्याच्या बसणीवर करड्या सिलिकॉनचा थर दिसला. या बसणीवर काहीही लावायचे नसते, धातूवर धातू कोरडा बसतो. बोल्ट आवळले तेव्हा जास्तीचे सिलिकॉन मधोमध असलेल्या तेलाच्या भोकात सरकले होते आणि भाताच्या शितासारखे तिथे घट्ट झाले होते. भोक पूर्ण बंद नव्हते. एका कडेला सुई जाईल एवढी फट होती. सकाळच्या थंडीत जाड तेल त्या फटीतून टेन्शनर भरायला दहा सेकंद का घेत होते आणि गरम तेल आले तेवढे गळून का जात होते, हे एकदम स्पष्ट झाले. मिस्त्री थोडा वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे माझ्याच हातचं आहे, ताई. मजुरी घेणार नाही." चेंबर उतरवल्यावर स्ट्रेनरच्या जाळीवरही सिलिकॉनच्या दोन अळ्या सापडल्या.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगून, दोन्हींना सारखे वजन लावून पाहिली. जुनी एक मिलिमीटरच खाली येत होती, म्हणजे जवळजवळ एक मीटरच्या पूर्ण लांबीत दोन मिलिमीटरांचा फरक. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक कडीची पिन आणि तिचे घर किंचित झिजते आणि शंभरावर कड्यांची झीज एकत्र होऊन दिसते. ऐंशी हजार किलोमीटरांच्या मानाने ही झीज काहीच नव्हती. ज्या चेनला आम्ही सगळे महिनाभर नावे ठेवत होतो, ती बिचारी अजून पुष्कळ चालली असती.

भोके रॉकेलने धुऊन हवेने फुंकली, वाहिनीतून पिचकारीने तेल सोडून ते टेन्शनरच्या भोकातून सरळ धारेने येते हे पाहिले, आणि मगच नवा टेन्शनर कोरड्या बसणीवर बसवला. त्याची पिन काढून दट्ट्या सुटल्याची खात्री मी स्वतः करून घेतली, कारण ती पिन तशीच राहणे ही यातली दुसरी नेहमीची चूक आहे. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून स्प्रॉकेटच्या खुणा जुळवल्या. चेनच्या रंगीत कड्या मात्र त्या फेऱ्यांनंतर खुणांवर परत येत नाहीत आणि ते पाहून घाबरायचे नसते, मी घाबरले. कव्हरला सिलिकॉन या वेळी गव्हाच्या शेवईएवढे बारीक लावले गेले. ते रात्रभर सुकू दिले, आणि सोमवारी इंजेक्टरचा फ्यूज काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवून, मग इंजिन सुरू केले.

आता रोजच्या वापरात सकाळी आवाज येत नाही. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली तर सुरू होताना सेकंदभर खुळखुळते. तेवढे स्प्रिंगच्या भरवशावरचे असते आणि मी त्याची नोंद करून सोडून देते. गरम आयडलला सायनच्या सिग्नलवर काच खाली करून मी अजूनही ऐकते. हजार किलोमीटरला तेल बदलले तेव्हा फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडल्या आणि त्यांवरून चुंबक फिरवला. धातूची चमक कुठेच नव्हती. एका घडीत करड्या सिलिकॉनचा मोहरीएवढा कण होता. तोही मी काडेपेटीत, त्या पहिल्या शिताशेजारी ठेवला.